झाडीपट्टीतला बालनट मोठा झाला की त्याचं काय होते? (आणि भाचीला पाठवू का?)

पडद्यामागचा | ५ ऑक्टोबर २०२५, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. मी इथं वाचतो जास्त, लिहितो कमी. आज घरात एक पेच पडला आहे म्हणून लिहायला बसलो. पेच कळायचा तर माझी जुनी गोष्ट सांगावी लागेल, तेव्हा लांबण लागेल. चहा घेऊन बसा.

मी गडचिरोली जिल्ह्यातला, आरमोरी तालुक्यातला. आठव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत मी नाटकात दररोज रात्री मरत होतो.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. धान कापून झाला की भाऊबीजेपासून गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. मंडई म्हटली की रात्रीचं नाटक आलंच. हा हंगाम होळीपर्यंत चालतो. नाटक रात्री दहाला सुरू होते आणि कोंबडा आरवला की संपते. वडसा म्हणजे देसाईगंज, तिथं कंपन्यांची ऑफिसं आहेत. गावचं मंडळ तिथं जाऊन इसार देते आणि तारीख पक्की करते. ज्या दिवशी गावात नाटक त्या दिवशी घराघरात पाहुणे. आमच्याकडं अर्ध्या सोयरिकी नाटकाच्या रात्रीच जुळतात, हे काही थट्टेनं सांगत नाही. माझीही तशीच जुळली.

माझे बाबा गावच्या मंडळात पेटी वाजवायचे. १९९१ च्या मंडईत गावच्याच पोरांचं नाटक होतं. बाळाचा पार्ट करणाऱ्या पोराला दोन दिवस आधी गालफुगी झाली. बाबा घरी आले आणि मायला म्हणाले, “याले पाठव. मरूनच तं राह्याचं हाये.” पार्ट असा, की बाळाला साप चावतो, तो मायच्या मांडीवर एक पद म्हणतो आणि जीव सोडतो. शेवटच्या अंकात मायच्या स्वप्नात येऊन पुन्हा तेच पद म्हणतो. बस्स, दोन प्रवेश.

त्या रात्री माइकवरून अकरा रुपये, एकवीस रुपये अशी बक्षिसं पुकारली गेली. प्रेक्षकांत वडशाचे एक मॅनेजर होते. पुढच्या हंगामात मी कंपनीत.

सहा हंगाम केले. हंगामाला पन्नास-साठ रात्री. सुरुवातीला ट्रकमध्ये नेपथ्याच्या पडद्यांवर झोपून जायचो, मागून मेटॅडोर आली. माझा पहिला प्रवेश साडेबाराच्या सुमारास यायचा, दुसरा चारनंतर. मधल्या वेळात कपड्यांच्या ट्रंकेवर झोप. चार वाजले की प्रॉम्प्टर काका थंड पाण्याचा हात डोळ्यांवरून फिरवायचे आणि म्हणायचे, “ऊठ बापा, स्वप्नात जाचं हाये.” मी झोपेतून उठून दुसऱ्याच्या स्वप्नात जायचो. तेव्हा त्यात काही विशेष वाटायचं नाही.

एकदा सिंदेवाहीकडच्या एका गावात मेलो तो खरोखरच झोपलो. पडदा पडला तरी उठेना. आईचा पार्ट करणाऱ्या बाई नागपूरच्या होत्या. टाहो फोडता फोडता त्यांनी पदरानं माझ्या तोंडावरचे डास हाकलले होते, हे मला दुसऱ्या दिवशी पेटीवाल्यानं सांगितलं. प्रेक्षकांना वाटलं, काय अभिनय करते बाई! त्या रात्री त्यांना बक्षीस पडलं, आणि मला सकाळी एक समोसा.

१९९८ च्या फेब्रुवारीत पद म्हणता म्हणता आवाज फुटला. मायच्या मांडीवर मरणारं लेकरू एकदम रेड्यासारखं रेकलं. शामियाना हसला. मॅनेजर रागावले नाहीत. चहा दिला आणि म्हणाले, “पोरगा मोठा झाला गा.” पुढच्या दिवाळीत त्यांनीच बोलावलं. नव्या पोराला कसं मरायचं ते शिकवायला.

दहावीला इंग्रजी-गणितात गेलो. गुरुजींना नाटकाचा भारी नाद. शाळेत नसलो तरी माझी हजेरी लागलेली असायची, म्हणून चौथीपासूनचा पाया कुठं खचला ते निकाल लागेपर्यंत कोणाला कळलंच नाही. मग आठ हंगाम प्रॉम्प्टिंग केलं. आता गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. धानाच्या नोंदणीला गर्दी असते. परवा साठीचे एक काकाजी सातबारा काढायला आले. माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, “तू तोच नाही का गा, साप चावून मराचास?” सत्तावीस वर्षं झाली. बायको-पोरं आहेत, दुकान आहे, पण चार तालुक्यांत मी मेलेलाच आहे.

आता पेच. माझी भाची नऊ वर्षांची, ब्रह्मपुरीकडं असते. गॅदरिंगमध्ये नाचली, ते पाहून एका कंपनीनं विचारलं आहे. जवाई तयार आहेत. बहीण म्हणते, दादा, तू सांगशील तसं. मला हो म्हणवत नाही आणि नाहीही म्हणवत नाही. तुम्हाला काय वाटते?


वडसेकर | ५ ऑक्टोबर, रात्री ११:५१

दादा, लगित झ्याक लिवलं. रेड्यासारखं रेकलं वाचून हसलो, मंग हसल्याची लाज वाटली.

माझं मत पाठवा. आपले झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली, तेव्हा दिल्लीनं झाडीपट्टीचं नाव घेतलं. पोरांना पाठवलंच नाही तर पुढचे खुणे येणार कुठून?


पेठेतला_पाहुणा | ६ ऑक्टोबर, सकाळी ८:०४

लेखन उत्तम. पण स्पष्ट बोलतो. नऊ वर्षांच्या मुलीला रात्रभर जागवणं याला आमच्याकडे बालमजुरी म्हणतात. कलेची सेवा वगैरे नंतर.


वडसेकर | ६ ऑक्टोबर, सकाळी ८:१९

तुमच्याकडं सिरियलमधली पोरं दिवसभर लाइटात उभी असतात, त्याला काय म्हणतात मग?


कागदपत्र | ६ ऑक्टोबर, सकाळी १०:३७

भांडू नका, कायदा दोघांनाही एकच आहे. मी कामगार खात्याशी संबंधित कामं करतो, त्यामुळे माहीत आहे.

बालमजुरीच्या कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी आहे, पण कलाकार म्हणून सूट आहे. सूट सर्कशीला नाही, आणि शाळेचं नुकसान होता कामा नये ही अट. २०१७ च्या नियमांत पुढचं सगळं येतं. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती पाहिजे. सलग २७ दिवसांच्या वर कामाला लावता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस नेमावा लागतो. मुलाच्या कमाईतली किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावाने मुदत ठेवीत टाकायची, ती त्याला सज्ञान झाल्यावर मिळते. आणि मुलाच्या मनाविरुद्ध काहीच नाही.

पडद्यामागचा, तुमच्या भाचीच्या कंपनीला एवढंच विचारा की परवानगीचा अर्ज कोण करणार. त्या प्रश्नावर समोरच्याचा चेहरा कसा होतो ते बघा. निम्मं उत्तर तिथंच मिळेल.


पडद्यामागचा | ६ ऑक्टोबर, दुपारी १:१५

कागदपत्र साहेब, धन्यवाद. विचारतो.

२० टक्क्यांवरून आठवलं. मला पहिल्या हंगामात रात्रीचे तीस रुपये होते, शेवटी पंच्याहत्तर झाले. पैसे बाबांच्या हातात जायचे. तिसऱ्या हंगामानंतर घरी बैलजोडी आली. माझ्या मरणावर आलेली, असं माय हसत सांगायची. त्यातल्या पवळ्या बैलाला मी माझाच समजायचो आणि बाबाही कधी नाही म्हणाले नाहीत. मला फसवलं असं कधी वाटलं नाही. पण दहावीच्या फेरपरीक्षेची फी भरायला तोच पवळ्या विकावा लागला. परीक्षेत पुन्हा गेलो. त्याचा हिशेब कोणत्या ठेवीत मांडायचा?


जुनी_पत्रावळ | ६ ऑक्टोबर, दुपारी ४:४२

हा हिशेब फार जुना आहे. चॅप्लिनच्या १९२१ च्या ‘द किड’मधला पोरगा आठवतो? जॅकी कूगन. लहानपणी त्याने लाखो डॉलर कमावले. मोठा होऊन पाहतो तर आईने आणि सावत्र बापाने बहुतेक उडवलेले. १९३८ मध्ये त्याने कोर्टात खेचलं. हाती आले ते सव्वा लाखाच्या आसपास. त्या प्रकरणानंतर १९३९ साली कॅलिफोर्नियाने बालकलाकारांच्या कमाईचा काही हिस्सा राखून ठेवायचा कायदा केला. त्याला आजही कूगनचंच नाव आहे. आपल्याकडचा तो २० टक्क्यांचा नियम त्याच जातीचा, फक्त ७८ वर्षं उशिरा आला.

कूगन पुढे टक्कल करून टीव्हीवर विनोदी कामं करायचा. ज्यांनी त्याला पोर म्हणून पाहिलं होतं त्यांना तो शेवटपर्यंत पोरच वाटला असेल, जसे तुम्ही त्या काकाजींना.


वऱ्हाडी_ठेचा | ६ ऑक्टोबर, रात्री ९:०८

काऊन एवढं घाबरून राह्यले भाऊ? जमाना बदलला. ‘नाळ’मधल्या श्रीनिवास पोकळेले राष्ट्रीय पुरस्कार भेटला, अन् आता ‘नाळ २’साठी त्याले, भार्गव जगतापले अन् त्या चिमुकल्या त्रिशा ठोसरले पुन्हा. २३ सप्टेंबरले दिल्लीत साडी नेसून राष्ट्रपतीच्या हातून पुरस्कार घेतला त्या पोरीनं, साऱ्या देशानं टाळ्या पिटल्या. आपल्या वऱ्हाडी बोलीतला सिनेमा अन् आपल्या मातीतली गोष्ट!


पेठेतला_पाहुणा | ६ ऑक्टोबर, रात्री १०:३०

पुरस्कार मिळालेल्यांचीच नावं लक्षात राहतात, हाच घोटाळा आहे. आणि पुरस्कार मिळूनही काय होतं तेही बघा. १९८८ च्या ‘सलाम बॉम्बे’मधल्या शफीक सय्यदला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. सिनेमा ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. पुढे तो बंगळुरात रिक्षा चालवत होता. सचिन पिळगावकर ‘हा माझा मार्ग एकला’पासून आजपर्यंत टिकले, पण असे किती? बोटं मोजा.


पडद्यामागचा | ६ ऑक्टोबर, रात्री ११:०२

पाहुणे, तुमचं म्हणणं पटते, पण एक गोष्ट खटकली. रिक्षा चालवणं म्हणजे काही बुडणं नाही. मी झेरॉक्स काढतो, माझं काही वाईट चाललेलं नाही. पोट कशावर भरते हा प्रश्नच नव्हता माझा.

आणि सिनेमाची गोष्ट वेगळी आहे. सिनेमातलं पोर पडद्यावर आठ वर्षांचंच राहते. शूटिंग संपते, पोर घरी जाते, वाढते, पडद्यावरचं तिथंच थांबते. आमच्याकडं पार्ट थांबत नाही. पार्ट आठ वर्षांचाच राहते, पोरं बदलतात. मी ज्याला शिकवला त्याने चार हंगाम केले. त्याचाही आवाज फुटला, मग तिसरा आला. त्या साऱ्यांना मी विंगेत बसून माझंच पद पुरवत होतो. कोण कुठं श्वास घेते ते मला पाठ. माझी जागा गेली असं म्हणता येत नाही, कारण मी तिथंच होतो, चार हातांवर, कंदिलाएवढ्या दिव्याखाली वही धरून. झाडीपट्टी कोणाला हाकलत नाही. पार्ट गेला तर वही देते, वही गेली तर पडदा ओढायला देते. म्हणून तर निघायला इतकी वर्षं लागली. कोणी हाकललं असतं तर लवकर निघालो असतो.


धानपेर | ७ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

रात्री वाचलं, झोप नाही आली.

थोडं विषयांतर करतो. रात्रीही आता पूर्वीइतक्या कुठं आहेत? आमच्या गावचं नाटक शंकरपटावर होतं. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यती बंद केल्या, पट बंद झाला आणि त्याच्यामागं नाटकही बंद. २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी आली, त्याआधी कोरोनाचा एक अख्खा हंगाम कोरडा गेला. आता पट भरतो, पण मंडळाची जुनी माणसं पांगली. पोरं म्हणतात डीजे आणा. त्यामुळं कंपनी लहान पोरीला मागते आहे याचा अर्थ अजून कोणाला तरी लेकराचा पार्ट असलेलं नाटक पाहायचं आहे. मला तर ऐकून बरंच वाटलं. सल्ला काही नाही माझा.


मोहफूल | ७ ऑक्टोबर, दुपारी २:२५

पडद्यामागचा दादा, मी पाच हंगाम केले, सातव्या वर्षापासून. पाचही वर्षं मुलाचे पार्ट. केस कापलेले होते, चड्डी-सदरा घालायची. गावोगावच्या बाया मला “बाळ्या” म्हणून कुरवाळायच्या. हिंदी सिनेमात डेझी इराणीनंही पोरांचेच पार्ट केले होते ना, तसंच.

वरचे सगळे पैसे, पुरस्कार आणि शाळेवर बोलले. पोरीची गोष्ट वेगळी असते, ती कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

तुमचा आवाज फुटला आणि लोक हसले. मी बाराव्या वर्षी मोठी झाली तेव्हा कोणी हसलं नाही. मॅनेजरनं बाबाला बाजूला घेतलं आणि म्हणाला, आता हिला लावणीत उभी करू, रात्रीचे दुप्पट देऊ. काल मी बाळ्या होती. आज त्याच शामियान्यात, त्याच लोकांपुढं, घागरा घालून. बाबानं त्या रात्री काही उत्तर दिलं नाही. सकाळी मला सायकलवर बसवून घरी आणलं. वाटेत एक शब्द बोलला नाही. पुन्हा कधी नाटकाला पाठवलं नाही, आणि स्वतःही नाटक पाहायला गेला नाही. पेटीचा, तबल्याचा आवाज आला की घरात जाऊन निजायचा.

लावणी करणाऱ्या बाया वाईट नव्हत्या हो. त्यांच्याच ताटात जेवली मी, त्यांनीच मला वेणी घालायला शिकवलं. त्यांच्या जिवावर अर्धा शामियाना भरत होता, आणि सकाळी त्याच गावात त्यांना प्यायला पाणी देताना लोक लोटा वरून धरायचे. बाबाला त्याचं भय होतं. ते बरोबर की चूक, मला आजही सांगता येत नाही.

भाचीला पाठवायचं असेल तर पार्ट कोणता हे शेवटी विचारा. आधी विचारा, कपडे कुठं बदलते? रात्री तिच्याजवळ कोण झोपते? घरचं बाईमाणूस सोबत ठेवाल का? गाडीत ती कोणाशेजारी बसते? आणि तीन वर्षांनी तिला कोण, काय विचारणार आहे? नऊ वर्षांच्या पोरीचा करार कोणी नऊ वर्षांसाठी करत नसते.


पडद्यामागचा | ७ ऑक्टोबर, दुपारी ३:४०

ताई, यातलं एकही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी आपला झोपेचा आणि दहावीचा विचार करत बसलो होतो. आठ वर्षं विंगेत बसलो, त्या बायांना रोज पाहिलं, तरी नाही आलं.

बहिणीला तुमचा प्रतिसाद मोबाइलवर वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्या बाईले इचार, तिनं मंग शिकलं का?”


मोहफूल | ७ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:११

शिकली. डी.एड. केलं, जिल्हा परिषदेत मास्तरीण आहे. दरवर्षी गॅदरिंगचं नाटक मीच बसवते. बाबा ते पाहायला यायचा. शाळेचं नाटक दुपारी असते ना.


वडसेकर | ७ ऑक्टोबर, रात्री ८:००

ताई, मी वरती जे लिहिलं ते घाईत लिहिलं. कंपन्या साऱ्या एकासारख्या नाहीत, घरच्यासारख्या सांभाळणाऱ्याही आहेत, एवढं मात्र म्हणतो. पण तुमचे प्रश्न वडशाच्या प्रत्येक ऑफिसच्या भिंतीवर चिकटवावे असे आहेत.


कागदपत्र | ९ ऑक्टोबर, सकाळी ११:०५

काय झालं? अर्जाचं विचारलंत का?


पडद्यामागचा | १२ ऑक्टोबर, रात्री १०:४८

उशीर झाला, माफ करा. हलका धान कापणीला आला, दोन दिवस बांधीतच होतो.

बहीण, जवाई आणि मी वडशाला जाऊन आलो. मॅनेजर माणूस वाईट नाही. चहा पाजला, माझं नाव सांगितल्याबरोबर उठून हात हातात घेतला आणि म्हणाला, “अरे, सापवाला!” कागदपत्र साहेब, अर्जाचं विचारलं. चेहरा तुम्ही सांगितला तसाच झाला. म्हणाला, इतकी वर्षं झाली, असं कोणी विचारलंच नाही. ताईंचे प्रश्नही विचारले. काहींची उत्तरं चांगली होती. आईनं सोबत राहावं, जेवण-गाडी आमची, म्हणाला. तीन वर्षांनंतरच्या प्रश्नावर मात्र हसला आणि पान लावायला घेतलं.

जवाई परतताना ब्रह्मपुरीपर्यंत बोलले नाहीत. पैशांची त्यांनाही ओढ आहे. दुबार पेरणी झाली यंदा, त्यांना दोष देत नाही.

मग मी घरी सगळ्यांसमोर भाचीलाच विचारलं. ती म्हणाली, नाटक करायचं आहे, पण शाळेतली मैत्रीण पाहायला आली पाहिजे. कंपनीच्या नाटकाला साठ गावांत ती मैत्रीण कशी येणार? त्यावर तिनं स्वतःच तोड काढली. आमच्या गावच्या मंडळाचं यंदाच्या मंडईला नाटक आहे. त्यात लेकराचा पार्ट आहे. हो, तोच. मंडळानं जुनं नाटक काढलं आहे. एक रात्र, मामाचं गाव, माय समोर खुर्चीत, कपडे आमच्या घरून घालून जायचे. मैत्रिणीला मी गाडीवर आणणार. साठ रात्रींचं काय ते पुढच्या दिवाळीला पाहू, जवाई म्हणाले. मला माहीत आहे, पुढच्या दिवाळीला हा विषय निघणारच.

तालीम सुरू झाली. पद तिला दोन दिवसांत पाठ झालं. मरायलाही छान मरते, माझ्यापेक्षा हलकी. प्रॉम्प्टिंगला मंडळानं मलाच बसवलं आहे.

काल तालमीनंतर विचारत होती, “मामा, मी खरंच झोपली तं उठवशीन ना?”

भाऊबीज २३ तारखेला आहे, आमची मंडई तिसऱ्या दिवशी. नाटक दहाला सुरू. मोहफूल ताई, जमलं तर येजा.